कुंभारमाशी रोज येते

(फोनवर. वडील घरी, मुलगी परदेशातल्या तिच्या प्रयोगशाळेबाहेर.)

वडील : ठेवू नकोस, ठेवू नकोस. मुख्य बातमी राहिलीच. ती कुंभारमाशी आजही आली होती.

मुलगी : बाबा, आत सगळे खोळंबलेत... थांबा, कोणती? खिडकीत मातीचं घर बांधलंय ती?

वडील : तीच. तुझ्या आईच्या शिवणयंत्राजवळची खिडकी.

मुलगी : घराचं तोंड बंद केलं का तिनं?

वडील : केव्हाच. छान लिंपून घेतलंय. दुसरीत असताना तू स्टुलावर चढून असंच एक फोडलं होतंस, आठवतं? आतून अळ्या पडल्या, तर भोकाड पसरलंस.

मुलगी : माशीनं पिल्लांना खायला कोंडलेल्या त्या अळ्या मेल्याही नव्हत्या आणि हलतही नव्हत्या. असं कसं, म्हणून रडले. अजून तेच शोधतेय.

वडील : मग दुपारभर माती कालवून ते घर लिंपत बसलीस. आई म्हणाली, पोरीच्या डोक्यातला किडा या किड्यांपेक्षा मोठा आहे.

मुलगी : आणि तुम्ही म्हणालात, अशानं पोट भरणार आहे का?

वडील : म्हणालो खरा. आता त्याच किड्यांनी तुला सातासमुद्रापार नेलं. सुट्टीत येणार होतीस.

मुलगी : यंदा नाही जमणार, बाबा. अंडी याच दिवसांत मिळतात. पण ती माशी रोज येऊन करते काय?

वडील : घरावर फिरते. पिल्लं बरी आहेत का बघते. तोंडात घास असतो तिच्या.

मुलगी : घराचं तोंड लिंपल्यावरसुद्धा?

वडील : हो तर. आईच ना ती.

मुलगी : बाबा.

वडील : काय गं?

मुलगी : एकदा लिंपलं की कुंभारमाशी परत येत नाही. पिल्लं तिला दिसतही नाहीत कधी.

वडील : असं होय? ही येते बुवा. असते एखादी मायाळू.

मुलगी : आहे का माशी तिथे?

वडील : होती. लिंपून गेली, त्याला झाला महिना.

मुलगी : मग रोज मला काय सांगत होतात?

वडील : तू तब्येत विचारतेस, मी बरी म्हणतो. जेवलात का, हो. संपलं. माशीचं काढलं की तू म्हणतेस, थांबा, कोणती? तेवढाच तुझा आवाज ऐकू येतो. फार आठवण येते गं.

मुलगी : मग स्वतःचं सांगायचं ना.

वडील : माझ्यात काय आहे बघण्यासारखं? मला काय सहा पाय आहेत?

मुलगी : हसवू नका. आज कुठे जेवलात?

वडील : ओट्यापाशी. उभ्यानंच.

मुलगी : उभ्यानं का?

वडील : बसलं की समोर आईची खुर्ची येते.

मुलगी : कधीपासून असं?

वडील : ती गेल्यावर तू आलीस, आणि परत गेलीस ना, तेव्हापासून. जा आता. तुला उशीर होतोय.

मुलगी : होऊ दे. उभ्यानं जेवलात, आणि मग?