माघातली राखी

मी, शिवकन्या परमेश्वर गिराम, वय ३९ वर्षे, व्यवसाय बांगड्या व स्टेशनरीचे दुकान, राहणार पेडगाव रोड, परभणी. आज माझ्या पायाने ठाण्यात आले आहे, मला कोणी शिकवून पाठवलेले नाही. महिला पोलीस उपनिरीक्षक उत्तरा मॅडम यांनी समोर बसवून विचारपूस केली, त्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, पती परमेश्वर व मुलगी असे आम्ही तिघे राहतो. पती मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम आहेत. माझे दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. मुलगी जवळच्या एका संस्थेच्या विद्यालयात नववीत शिकते. तिचे नाव जबाबात लिहायचे नसते असे मॅडमनी सांगितले, म्हणून मी तिला नुसती मुलगी म्हणते. ज्याची तक्रार आहे तो तिच्याच वर्गातला मुलगा आहे. त्याचेही नाव लिहायचे नाही म्हणे. तो संस्थेचे सचिव आबासाहेब यांचा पुतण्या आहे, एवढे मात्र लिहून घ्यावे.

संक्रांतीनंतर मुलगी शाळेच्या वेळेला पोट दुखते म्हणू लागली. अभ्यास झाला नसेल, असा मी आधी तिच्यावरच संशय घेतला. खोदून विचारल्यावर ती बोलली. सदर मुलगा प्रयोगशाळेच्या जिन्यावर तिची वाट अडवतो, घाण बोलतो, ओढणी ओढतो. एकदा त्याने अंगाला हात लावला, तेव्हा खाली उभी असलेली पोरे हसत होती. पुढे तिने जे सांगितले ते मी ऐकले, पण माझ्या तोंडून ते लिहून देणार नाही. ते तिचे तिने सांगायचे आहे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन मुख्याध्यापक दिनकरराव सरांना भेटले. त्यांनी चहा मागवला. तक्रार घेऊन आलेल्या बाईला शाळेत चहा मिळाला की पाणी कुठेतरी मुरते आहे असे समजावे. सरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुमची मुलगी त्याच्याशी आधी बोलत होती का. मी म्हणाले, एका वर्गात आहेत, वही मागायला बोलली असेल. त्यावर ते हं म्हणाले. तो हं मला आवडला नाही. मी तक्रार लिहून देते म्हणाले, तर त्यांनी मलाच समजावले. "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीच्या जातीचं नाव खराब व्हायला येळ लागत न्हाई. माझ्यावर सोडा, आतल्या आत मिटवतो."

मी त्यांच्यावर सोडले. असे काही कळले की शाळेने स्वतः पोलिसांना कळवायचे असते, हे मला आज मॅडमनी सांगितले. तेव्हा कोणी सांगितले नव्हते. भिंतीवर तक्रारपेटी होती, तिच्यापुढे स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी वर्गशिक्षिका राजेश्री मॅडम सकाळीच दुकानात आल्या आणि राखी आहे का विचारू लागल्या. माघ महिना चालू होता. राखीचे गिऱ्हाईक श्रावणात येते, माघात कोणी येत नाही. मी विचारले, आत्ता राखी कशाला. त्या म्हणाल्या, स्नेहसंमेलनात पोरींचे नाटुकले बसवायले, त्यात लागते. बोलताना त्या माझ्याकडे न बघता काउंटरवरच्या टिकल्यांची पाकिटे सरळ करत होत्या. मला चुटपुट लागली. पण मुलीच्या बाई, त्यात शाळेचे काम, म्हणून माळ्यावरचा उरलेल्या राख्यांचा खोका काढला. स्पंजचे फूल आणि मधे चंदेरी ओम असलेली एक राखी निवडून दिली. पैसे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी मुलगी आली ती थेट मोरीत गेली आणि साबणाने हात धूत बसली. जेवली नाही. मी विचारले तर माझ्याकडे नुसते बघितले. तसे तिने माझ्याकडे कधी बघितले नव्हते. थोड्या वेळाने शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर फोटो आला. मुख्याध्यापकांची खोली, सदर मुलाने हात पुढे केलेला, माझी मुलगी राखी बांधते आहे, मागे राजेश्री मॅडम टाळी वाजवत आहेत. खाली लिहिले होते, आजपासून भाऊ-बहीण, विद्यालयाचा संस्कार उपक्रम. पुढे मुलीचे नाव, आडनाव, तुकडी. त्यावर पालकांनी हात जोडले, अंगठे दाखवले. राखी माझ्या दुकानातली होती. मी लगेच ओळखली.

शाळेला वाटले असेल की राखी बांधली म्हणजे कुंपण घातले. मी सांगते, त्यांनी कुंपणाला फाटक करून दिले आणि किल्ली त्या पोराच्या मनगटावर बांधली. आधी तो जिन्यावर लपून अडवत होता. आता भर रस्त्यात, गेटवर अडवू लागला. "थांब ना ताई, भावाशी बोलत न्हाईस का?" असे म्हणून राखी दाखवायचा आणि पोरे हसायची. हे मला शेजारच्या मालनबाईंच्या, त्याच शाळेत जाणाऱ्या नातीने सांगितले. माझी मुलगी माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. त्या नातीच्या सांगण्याप्रमाणे मुलीने राजेश्री मॅडमकडे जाऊन सांगितले होते. मॅडम म्हणाल्या, आता तर तो भाऊ आहे, भाऊ नाही बोलणार तर कोण बोलणार. कोपऱ्यावरचा पानवाला तर मला कौतुकाने म्हणाला, तुमच्या पोरीला भाऊ सोडायला येतो की रोज.

मागच्या रविवारी सदर मुलगा दुकानात आला. हातात तीच राखी, मळलेली. म्हणाला, "मावशी, ताई हाय का घरी? भेटून जावं म्हणलं." मी नाही म्हणाले. तो तरी आतल्या पडद्याकडे बघत उभा राहिला. पडद्यामागे मुलगी होती. तो गेल्यावर मी आत गेले तर ती शिलाई मशीनच्या खाली घुसून बसली होती. नववीतली पोरगी. मला फार भीती वाटली, आणि तेवढाच संताप आला.

सोमवारी मी पुन्हा शाळेत गेले. या वेळी चहा नव्हता. मुख्याध्यापकांच्या शेजारी आबासाहेब बसले होते. ते म्हणाले, राखी बांधली, विषय संपला. मी म्हणाले, संपला नाही, वाढला. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "राखी तुमच्याच दुकानातली हाय ना बाई? मंग तुमच्या संमतीनंच झालं की सगळं." मुख्याध्यापक मान डोलवत होते. नाटुकल्याचे कारण सांगून माझ्याच दुकानातून राखी का नेली, ते मला तेव्हा कळले. जवळ दुसरी दुकाने आहेत. माझ्याकडून नेली, कारण पुढे मलाच दाखवायची होती. माझा हा संशय आहे, पुरावा नाही.

वर त्या दोघांनी मलाच सांगितले की मुलीचे मन ठिकाणावर येईपर्यंत तिला घरी ठेवा. तेव्हापासून मुलगी घरी आहे आणि तो मुलगा वर्गात बसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हण लिहायची गरज नाही असे उत्तरा मॅडम म्हणाल्या, मी म्हणाले लिहा. पतीला हे सर्व मी त्याच रात्री सांगितले. त्यांचे म्हणणे, शाळा पुरे झाली, त्यांच्या बहिणीच्या बघण्यात एक स्थळ आहे. मी त्यांना सांगितले की मुलगी त्याच वर्गात, त्याच बाकावर परत बसेल, त्याआधी दुसरे काही नाही. यावरून आमच्यात अबोला आहे.

आता शाळा म्हणते असे काही घडलेच नाही. घडले नव्हते तर माघात राखी कशाला बांधली, एवढेच त्यांना विचारावे. ग्रुपवरचा फोटो अजून तसाच आहे. पोलीस जे नाव लिहीत नाहीत ते शाळेने साऱ्या परभणीला वाचायला दिले आहे. तो आजच काढायला लावावा.

माझा कोणावर संशय आहे का, असे मॅडमनी विचारले. सदर मुलगा, मुख्याध्यापक, आबासाहेब, राजेश्री मॅडम, सर्वांवर आहे. ग्रुपवर हात जोडणाऱ्यांवरही आहे.

माझ्या आधी मॅडमनी मुलीला आतल्या खोलीत एकटीला विचारले होते. जिन्यावरच्या प्रकाराबद्दल तिने काहीच सांगितले नाही. तिने सांगितल्याशिवाय तक्रारीला बळ नाही, हे मला समजले आहे. शेवटी तिने मॅडमना एकच गोष्ट विचारली, ती मॅडमनी मला आत्ता सांगितली. राखी बांधायला ती तयार नव्हती. तेव्हा राजेश्री मॅडमनी तिला सांगितले होते, "तुझ्या आईनंच पाठवलीय. बघ, तुमच्याच दुकानातली हाय." तिने ती राखी ओळखली आणि बांधली. आईने खरेच पाठवली होती का, एवढेच तिने मॅडमना विचारले. त्या दिवसापासून ती माझ्याशी का बोलत नाही, ते मला आत्ता कळते आहे. मी गावभर सगळ्यांवर संशय घेत फिरले. माझ्या लेकीचा संशय माझ्यावर आहे, हे माझ्या मनातही आले नाही.

म्हणून माझे सांगणे असे लिहावे. राखी मी पाठवली नव्हती. ती कोणाला बांधणार हे मला माहीत नव्हते. माहीत असते तर खोका चुलीत घातला असता.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. माझ्या विनंतीवरून मुलीला आत बोलावून तिच्यासमोर पुन्हा वाचला. राखी मी पाठवली नव्हती, हे वाक्य तिने मॅडमना परत एकदा वाचायला सांगितले. ते वाचले. त्यानंतर ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली व मला सांगायचे आहे असे म्हणाली. तिचा जबाब वेगळा घेत आहेत, म्हणून माझा इथे संपवते.

समक्ष, सही/- शिवकन्या परमेश्वर गिराम