मागची हाजरी

(खुर्सीपार, पोलाद कारखान्याजवळची कामगार वस्ती. रविवारची दुपार. केवलराम खाटेवर बसला आहे. समोर मोबाइलवर परदेश प्रवासाचा हिशोब घेऊन त्याची लेक भूमिका.)

केवलराम : अन् व्हिएतनामात रोजचे एकोनीसशे रुपये कावून? मंगाशी त्या लाओसचे तर चौदाशेच सांगतले तू.

भूमिका : तिकडं महाग आहे, बाबा. झोपणं, खाणं, बसभाडं, सब उसीमें. खोली बी घेऊन नाई राहिली मी. एका खोलीत आठ जणी, आपल्यापुरती खाट भाड्यानं.

केवलराम : खाटेचं भाडं. ऐकाव थे नवल. अन् जेवन?

भूमिका : रोडवरच्या ठेल्यावर. दोन टाइम.

केवलराम : एक टाइम कर. चना-मुर्रा ने इथून बांधून.

भूमिका : सहा महिन्याचे मुरमुरे? विमानवाले मलेच उतरवून देतीन.

केवलराम : हास तू. अंथरून पाहून पाय पसरावं, मानसानं.

भूमिका : अंथरूण तर दादाचं आहे, बाबा. चार वर्षांपासून बँकेत घडी करून ठेवलं तुमी. पैसे काढाच्या कागदावर सही केली का झालं.

केवलराम : कोनाचं आहे थे मले नोको सांगू. पासबुक उघडून नाई पाहिलं मी अजून. ठेकेदाराचा मुनशी आला, भरपाईचा चेक हातात देल्ला, म्हने, "बाबूजी, गिन लीजिए, शून्य बराबर हैं ना." पोरगा जाळून आलो होतो मी. शून्य मोजाले लावले त्यानं मले.

(बाहेर मोटरसायकल थांबते. केवलराम उठून दाराकडे जातो.)

भूमिका : बसा, बाबा. राजदीप होय, बाजूवाला.

केवलराम : मालूम आहे मले.

भूमिका : मंग उठले कावून?

केवलराम : मी नाई उठत. पाय उठतेत. या टाइमाले फस्ट शिफ्ट सुटते. मन समजलं, पाय नाई समजले अजून.

भूमिका : रोज असंच करता. आई म्हणे, दाराची कडीबी लावू देत नाई तुमी.

केवलराम : त्याले कडी वाजवाची सवय नोती. आईले सांगतलं का हे जायाचं?

भूमिका : ही बॅग आईनंच आणली, सुपेल्याच्या बाजारातून, भाव करून. म्हणे, बापाले तूच मनव, माह्यानं नाई होत.

केवलराम : तिले का मालूम. तुमी दोघं गच्चीवर बसून देश मोजत बसत, तवा ती झोपे. मी खाली आयकत राहो.

भूमिका : दादा रुपयात नाईच मोजे. हाजरीत मोजे, एका शिफ्टची एक. एक हाजरी म्हणजे बँकॉकची एक सकाळ. तीन हाजऱ्यांत लाओसचा पुरा दिवस. मी म्हणो, रुपये बता ना सीधे. तो म्हणे, रुपये कोणाचेबी असतेत, हाजरी आपलीच असते.

केवलराम : म्हूनच मधी-मधी डबल करे. सकाळची शिफ्ट सुटली का तिथंच दुसरी. मी प्लांटात तीस वर्सं काढले, अंगाले खरोच नाई लागली. अन् थो त्या ठेकेदाराच्या यार्डात, दुसऱ्या हाजरीत गेला. त्या देशांनी खाल्लं माह्या पोराले, भूमिका.

भूमिका : मलेबी तसंच वाटे. दोन वर्षं नकाशा नाई पाहिला मी. टीव्हीवर समुद्र दिसला तरी चॅनल बदलो. पण साखळी क्रेनची तुटली, बाबा. सडलेली होती. देशांनी नाई तोडली.

केवलराम : अन् थे दुसरी हाजरी ठेकेदारानं लावलीबी नाई. म्हने, शिफ्ट पुरी कुठी झाली.

भूमिका : मालूम आहे.

केवलराम : रोज रात्री थेच येते डोक्यात. पोराचा जीव गेला अन् मी हाजरीले रडतो. लोकं हासतीन.

भूमिका : कोणी नाई हासत. बाबा, सही नाई कराची का तुमाले? साफ सांगा.

केवलराम : करतो ना. पन खर्चा कमी कर.

भूमिका : अजून किती? सगळं कापलं तुमी. खाट राहिली फक्त. एवढे वाचवून का कराचं? घराले लावू देत नाई, माह्या लग्नाले लावू देत नाई. पैसे का छातीवर घेऊन जायाचे आहे?

केवलराम : पैसा नाई पाह्यजे मले. तू समजून नाई राहिली.

भूमिका : तो समझाओ ना.

केवलराम : थो आता तेवढाच आहे, माय. बँकेत आहे तेवढाच. तू रोज काढशीन, आज चौदाशे, उद्या एकोनीसशे. सहा महिन्यात सरन. माहा पोरगा पुन्यांदा सरन. म्हून म्हंतो, एक टाइम कमी जेव. दोन-चार दिवस जादा पुरन थो.

भूमिका : बाबा.

केवलराम : रडू नोको. तुले रडवाले नाई बोललो.

भूमिका : बँकेत तो कधीच नाई सरणार, बरोबर आहे. पण तिथं तो कुठं जातबी नाई, बाबा. अंधारात पडून आहे. त्याले पहाड पाहाचे होते. बोटीत बसाचं होतं. पोहता येत नोतं, तरी बोटीचे पैसे त्यानं सर्वांत आधी धरले होते.

केवलराम : तू धरले का बोटीचे?

भूमिका : धरले होते. तुमी मंगाशी कापाले लावले.

केवलराम : धर परत.

भूमिका : अन् जेवण?

केवलराम : दोन टाइम. पेन दे इकडं. कुठी कराची सही?

भूमिका : इथं. अन् इथं खाली. रोज रात्री मी फोनवर पूर्ण हिशोब पाठवीन. एक रुपयाबी लपवणार नाई.

केवलराम : रुपये नोको सांगू मले. शून्य नाई मोजायचे आता. हाजरी सांगजो फक्त.

भूमिका : माझी?

केवलराम : दोघाइची. अन् पयल्या रोजी त्याची एक जादा लावजो. थे मागची रायली आहे.