सलीमची पाण्याची टाकी

दोन हजार तेवीसचा जानेवारी, थंडीचे दिवस. अबूधाबीत आमच्या आइस रिंकवर कर्लिंगचे नामी संघ आले होते, पुरुषांचे आणि बायकांचेही. जड दगड बर्फावरून सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत धावायचं, तो खेळ.

तिथे बर्फ गुळगुळीत करायची मशीन बारा वर्षं मी चालवत होतो. पण खेळासाठी बर्फ तयार करायला कॅनडाहून आलेल्या मॅडमनी पाण्याची टाकी दिली सलीमच्या पाठीवर. माझ्याच हाताखाली शिकलेला माणूस. तो बर्फावर थेंब शिंपडायचा, त्याच्या बारीक पुटकुळ्या गोठायच्या, दगड सरकतो तो त्यांच्यावरूनच, आणि खेळाडू सलीमबरोबर फोटो काढायचे.

“काका, मशीन बाजूला घ्या, मॅडम ओरडतील,” तो मला म्हणाला.

मला झोंबलं. सगळे जेवायला गेल्यावर मी मशीन फिरवली आणि त्याच्या पुटकुळ्या तासून टाकल्या.

बायकांची मॅच सुरू झाली. पहिला दगड अर्ध्या वाटेत थांबला. दुसराही तिथेच. मॅडमनी वाकून बर्फावर हात फिरवला.

“मशीन कोणी चालवली?”

“मी,” सलीम म्हणाला.

टाकी माझ्या पाठीवर आली. संध्याकाळी मी त्याला गाठलं.

“खोटं का बोललास?”

“तुमचा व्हिसा याच महिन्यात संपतोय, काका. या वयात पुन्हा कोण देणार?”

सकाळी मी मॅडमसमोर उभा राहिलो.

“मॅडम, मशीन मी चालवली.”

मग टाकी उतरवली, सलीमच्या पाठीवर चढवली आणि पट्टा आवळून दिला.