नानांचा मॉनिटर

मशीनचा बिघाड ओळखण्यात मी कधी चुकत नाही, असं म्हणायचो ना? मग हे ऐका. माझे थोरले काका, नाना, जळगावात घरी कॉम्प्युटरवर छापखान्याची मुद्रितं तपासायचे. एकदा त्यांचा मला धुळ्याला फोन आला, "अक्षरं पसरेल दिसतस रे."

मॉडेमवरून त्यांची स्क्रीन माझ्या घरी बघता यायची, पण फोनची लाइन एकच. बघायचं तर बोलणं बंद. मी जोडलं, पाहिलं, तोडलं आणि फोन लावला. "नाना, माझ्याकडे अनुस्वारासकट स्वच्छ दिसतंय. म्हणजे तुमचा मॉनिटरच गेला. घेऊन या." स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी नाना एसटीने आले. मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर धरून आणलेला. मी तो जोडला आणि पटकन बोलून गेलो, "अहो, हा तर ठणठणीत आहे!"

नाना काचेला नाक लागेल इतके वाकले. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावून पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मग ते म्हणाले, "काकूले सांगजो, मॉनिटरच बिघडेल शे." मॉनिटर माझ्याकडेच ठेवून, गोधडीची घडी काखेत घेऊन ते परत गेले.

काकूंचा दर आठवड्याला फोन यायचा, "झाला का रे दुरुस्त? हे नुसते बसून असतात."

मी म्हणायचो, "पार्ट मुंबईहून यायचाय, काकू."