गाडी दारात

म्हणजे आता नवस बोलतानासुद्धा माणसानं व्याकरण तपासून घ्यायचं का, हे तुम्हीच सांगा मला. मी आपली साधी बाई. शुक्रवार होता, आमच्या बनारसच्या संकठादेवीपुढे ही गर्दी, मागची बाई कोपरानं ढोसतेय, पुजारी आपला "चलिए माताजी, आगे बढ़िए" करतोय, आणि तेवढ्या ढकलाढकलीत मी हात जोडले आणि तोंडातून निघून गेलं… "आई, ह्यांच्यासाठी एक छोटीशी गाडी दारात उभी राहू दे, तोवर मी भात खाणार नाही." झालं. बोलून बसले. त्या दिवसापासून माझा भात बंद.

आता तुम्ही म्हणाल, भातच कशाला सोडलात शरदिनीताई, कारलं सोडायचं होतं. अहो, पण देवीला काय कळत नाही का? कारलं सोडलं तर ती म्हणेल, मग तू दिलंस काय? नवस म्हणजे आपल्याला लागलं पाहिजे. आणि मला वरणभात नसला की जेवल्यासारखंच वाटत नाही, हे देवीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आणि गाडी तरी मला मिरवायला हवी होती का? ह्यांच्या पाठीसाठी हवी होती. आमचे हे, म्हणजे दिनानाथपंत, पाठशाळेत जन्मभर व्याकरण शिकवलं. निवृत्त झाले तरी रोज संध्याकाळी बाहेर पडायचे, चार माणसांच्या चार चुका काढायचे आणि प्रसन्न चेहऱ्यानं घरी यायचे. पावसाळा संपता संपता ई-रिक्षात बसले, ती खड्ड्यात गेली, हे वर उडाले आणि खाली आले ते पाठीतून कळ घेऊनच. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, चाला, फिरा, घरात बसू नका. ह्यांनी डॉक्टरांचं सगळं ऐकलं आणि घरात बसले. "ई-रिक्षा ह्या शब्दातच दोष आहे," म्हणे. "मी आता तिच्यात बसणार नाही." बरं, नका बसू. पण मग दिवसभर कॉटवर उताणं पडून छताकडे बघायचं? आधी वर्तमानपत्रातल्या चुका काढायचे, मग तेही बंद झालं. तेव्हा मात्र मी घाबरले हो. ज्या माणसाला चुका काढाव्याशा वाटत नाहीत तो माणूस आतून विझायला लागला, एवढं मला इतक्या संसारात कळतं. म्हणून नवस.

तर गाडी घ्यायची ठरली. छोटी, परवडणारी. आता परवडणारी म्हटलं की माझ्यासमोर एक वस्तू येते. आमच्या अवनीसमोर दुसरीच. अवनी माझी लेक, शाळेत शिकवते, गाडी चालवायला तीच शिकलेली. तिला नवी हवी. "आई, नई लेंगे तो टेन्शन नाही. वॉरंटी असते, रिव्हर्स कॅमेरा असतो." हे कॉटवरून म्हणतात, "जुनी घ्या. जुनी वस्तू लोकांनी वापरून सिद्ध केलेली असते." मी म्हटलं, कुठलीही घ्या, पण पाठ टेकायला नीट हवी. आणि त्या पाठीचं माप मी घेतलंच. टेप सापडेना, मग देवघरातली मौली घेतली. ह्यांना खुर्चीत ताठ बसवलं, बैठकीपासून खांद्यापर्यंत एक गाठ, बैठकीपासून गुडघ्यापर्यंत दुसरी गाठ, आणि तो लाल धागा पर्समध्ये टाकून निघाले गाडी बघायला.

पहिलं शोरूम. अहो, काय ती काच, काय तो एसी. एक टाय घातलेला मुलगा आला, "वेलकम मैम," आणि जो सुरू झाला तो टॉर्क काय, बूट स्पेस काय, एनकॅप काय. मला वाटलं, स्तोत्रच म्हणतोय. मी शांतपणे गाडीचं दार उघडलं, आत वाकले आणि सीटला मौली लावायला लागले. तो धावत आला. "मैम, मैम, पूजा डिलिव्हरी के बाद होती है!" मी म्हटलं, बेटा, पूजा नहीं, नाप ले रही हूँ. "किसका नाप?" साहब का. "साहब कहाँ हैं?" घर पे लेटे हैं. त्याचा चेहरा असा पडला, मला म्हणतो, "सॉरी मैम… कब हुआ?" अवनी तिकडे तोंडावर रुमाल धरून हसतेय आणि मी देवाचं नाव घेतेय.

मग त्यानं आणखी एक गाडी दाखवली, तिच्या छताला खिडकी. बटण दाबलं की छत सरकतं. "आसमान दिखेगा मैम." मी म्हटलं, भैया, तू बनारसचाच ना? आसमान नंतर दिसेल, आधी माकड आत येईल. माझी वाळत घातलेली पातळं नेतात ती, आणि आता मी त्यांना छत उघडून देऊ? आणि धागा लावला तर काय, पहिल्या गाठीच्या आधीच सीट संपलेली. चार चाकं, चार दारं, गाणी, कॅमेरा, आकाश… सगळं आहे, फक्त माणसाच्या पाठीला जागा नाही. घरी आले. पोळी खाल्ली. भात बंद तो बंदच.

मग म्हटलं, ह्यांचं ऐकू, जुनी बघू. कोणीतरी विष्णु भैयाचं नाव सांगितलं. मोकळ्या जागेत ओळीनं गाड्या उभ्या, प्रत्येकीला झेंडूची माळ. विष्णु भैया पान सांभाळत बोलणारा. "माताजी, ये वाली देखिए. डॉक्टर साहब की है. बस घर से क्लीनिक, क्लीनिक से घर." बरं. दुसरी? "ये भी डॉक्टर साहब की." तिसरी? "ये लेडी डॉक्टर की." मी म्हटलं, भैया, ह्या शहरातले सगळे डॉक्टर गाड्या विकून पायी हिंडतायत की काय? त्यावर तो म्हणतो, "माताजी, डॉक्टर लोग सेहत का ध्यान रखते हैं."

त्यातली एक मला आवडली हो. निळी. आत वाकले, मौली लावली, गाठीला गाठ बरोबर. माझं काळीज असं हललं. म्हटलं, आई संकठा, ऐकलंस गं बाई. एवढ्यात अवनीनं पायाखालची चटई उचलली, आणि खाली काय, तर राखाडी गाळ. सुकलेला, भेगा पडलेला, आणि त्यात एक एवढासा शिंपला. अवनी ओरडली, "आई, डूबी हुई गाडी है ये! बाढ़ का पानी गेलंय आत!" आणि विष्णु भैया काय म्हणाला असेल? पान एका गालातून दुसऱ्या गालात घेऊन, हात जोडून म्हणाला, "बिटिया, डूबी नहीं है. गंगा मैया स्वयं आई थीं. किस्मतवालों की गाड़ी में आती हैं."

आता सांगा. माझ्यासारखीनं काय करायचं? पायाखाली गंगेची माती, आणि मी चपला घालून उभी. मी पटकन पाय वर घेतले, माती कपाळाला लावली, आणि अवनी माझ्याकडे असं बघतेय जणू मीच ती गाडी विकतेय. "आई, इंजिन गेलंय, आणि तू पाया पडतेस?" मी म्हटलं, अगं, इंजिन वेगळं, गंगा वेगळी. गाडी घेतली नाही. शिंपला मात्र घेऊन आले, देवघरात आहे. पण शिंपल्यात बसून हे कुठे जाणार? भात बंद तो बंदच.

असं करत करत थंडी आली. एक गाडी बसायला ऐसपैस, तर अवनी म्हणाली, ही वळवायला गंगापार जावं लागेल. एक स्वस्त, तर तिचं मागचं दार आतून उघडेना. "उतरायचं कसं?" विचारलं तर विकणारा म्हणतो, "कोई खोल देगा ना." आणि हे रोज कॉटवरून विचारायचे, "मिळाली?" आधी पूर्ण वाक्यात विचारायचे. मग नुसतं "मिळाली?" मग नुसती मान वर करायचे. ती मान बघितली की मी परत पर्स उचलायची.

शेवटी देवीनं मृणालिनीबाईंच्या तोंडून निरोप दिला. त्या इथल्याच, सिगरा भागात एकट्याच राहतात, मुलगा परदेशी. मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाला भेटल्या, म्हणाल्या, "अहो, माझी छोटी पांढरी गाडी पडून आहे. मला आता चालवायला डोळे नाहीत. चांगल्या घरी जाईल तर बरं." गाडीचं बोलतायत की मुलीचं, मला कळेना. गेलो. मौली लावली. दोन्ही गाठी बरोबर. चटई उचलली, खाली स्वच्छ, कोरडं. वर त्यांनी स्वतः शिवलेली पाठीची उशीही दिली. मी तिथेच रडले. अवनीनं गाडी हळूहळू मैदागिनच्या चौकापर्यंत आणली. तिथे एक दुकान कायम बंद असतं, त्याच्यासमोर नेमकी एका छोट्या गाडीची जागा, तिथे लावली, आणि मी गल्लीगल्लीतून धावत घरी. कुकर चढवला. आंबेमोहोर काढला, पुण्याहून भावजयीनं पाठवलेला. शिट्टी झाली, वास सुटला, ह्यांना म्हटलं, अहो, उठा, गाडी आली.

हे उताणेच होते. म्हणाले, "कुठे आली?"

म्हटलं, मैदागिनला.

"नवस काय बोलली होतीस?"

म्हटलं, गाडी दारात…

"दारात," हे म्हणाले. "सप्तमी. दाराच्या दिशेला नव्हे, दारापासून चालत जाण्याच्या अंतरावर नव्हे. दारात. शब्द तुझा आहे, माझा नाही."

आता मला सांगा, दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी दारात? समोरून सांड आला तर आम्ही दुसऱ्याच्या पायरीवर चढतो, आणि त्याच वेळी मोटरसायकल आली तर सांडही चढतो. इथे गाडी दारात यायची तर मधली घरं उचलून गंगेत ठेवावी लागतील. हे मला देवीपुढे कसं सुचलं नाही? सगळं जग म्हणतं, गाडी दारात उभी आहे. मीही म्हटलं. अवनी म्हणाली, "बाबा, क्या फर्क पड़ता है?" तर हे म्हणाले, "फरक पडत नसता तर सात विभक्ती कशाला केल्या असत्या? आणि दुसरं म्हणजे, मीसुद्धा गाडी दारात आली की बसेन." म्हणजे कळलं का तुम्हाला? चालायला नको म्हणून सगळं व्याकरण. मी कुकर उघडला, भात वाढला, ह्यांच्या ताटात. माझ्या ताटात पोळी.

गल्लीत चर्चा झाली, बनारसच ते. शेजारच्या इंदूवहिनी म्हणाल्या, "गाडीचा फोटो दाराला चिकटवा." दूधवाला म्हणाला, "खिलौना वाली रख दीजिए, देवी जी समझ जाएँगी." अवनी म्हणाली, "आई, गाडी दारात येत नाही, तर दार गाडीपाशी नेऊ, फ्लॅट बघू?" तेव्हा मात्र मी तिला गप्प केलं. पंचगंगा घाटावरची घंटा ऐकू येणार नाही तिथे मला झोप लागायची नाही. पण देवीला फसवायचं म्हणजे… मला जमेना. आणि गाडी तिकडे, हे इकडे, मी मध्ये. भात बंद.

मग संक्रांत आली. आपण संक्रांत म्हणतो, इथे सगळे तिला खिचडीच म्हणतात, कारण त्या दिवशी घरोघरी खिचडीच. खिचडीच्या दिवशी खिचडी खायची नाही, असं ह्या शहरात कधी घडलं नसेल. मी दान दिली, शेजारी वाटली, ह्यांना वाढली, वर तुपाची धार घातली. आणि कोपऱ्यात पोळी घेऊन बसले. हे दोन घास जेवले. थांबले. माझ्या ताटाकडे बघितलं. मी मुद्दाम हसले, म्हटलं, जेवा ना, गार होते. तर म्हणाले, "अवनी, माझी काठी कुठे आहे?"

कसे चालले म्हणून सांगू. ओट्यावर बसत, भिंतीला हात लावत, एका दुकानाच्या पाटीवरची ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढत. ती चूक काढली ना, तेव्हा माझे डोळे भरून आले. मैदागिनला आले, गाडीचं दार उघडलं, पाय बाहेर ठेवून दारातच बसले आणि मला म्हणाले, "हे दार आहे की नाही?" आहे. "कुणाचं?" आपलंच. "मी त्या दारात आहे की नाही? आणि गाडी कुठे आहे?" म्हटलं, गाडी… इथेच. "मग सप्तमी साधली. अधिकरण बदललं, विभक्ती तीच. डबा उघड." अवनीनं डबा आणलाच होता. आणि मी, भर रस्त्यात, हॉर्न वाजतायत, शेजारी सांड रवंथ करतोय, अशी त्या गाडीत बसून खिचडी खाल्ली. गार झालेली. तुम्हाला काय सांगू.

तेव्हापासून हे रोज चालत जातात. गाडीत उशीला पाठ टेकून वर्तमानपत्र वाचतात, चुकांखाली रेघा मारतात, चहावाल्याशी वाद घालतात आणि चालत परत येतात. डॉक्टर म्हणाले, हे असंच चालू द्या, उन्हाळ्यापर्यंत काठी सुटेल. डॉक्टरकडे कसे जातो? ई-रिक्षानं. ती उशी घेऊन. गाडी हलवली तर जागा जाईल ना. अवनी शाळेत कशानं जाते, तेही विचारू नका. गाडी आणल्यापासून तिथून हललेली नाही.

आणि आता एवढं सगळं जुळलंय, तर परवा चहावाला सांगतो, "माताजी, खुशखबरी. दुकान खुलेगा." म्हटलं, कुठलं दुकान? तर ज्याच्यासमोर आमची गाडी आहे तेच. दोन भावांचं भांडण होतं, म्हणून ते बंद. आता धाकट्याच्या घरी नातू झाला, मोठा बघायला गेला, दोघे गळ्यात पडून रडले. सगळं मैदागिन खूश. मीही खूश आहे हो… का नसेन? भावाभावात समेट व्हावा असं कुणाला वाटणार नाही? पण दुकान उघडलं की गाडी उठली, आणि गाडी उठली की हे परत कॉटवर.

मी शुक्रवारी गेले देवीकडे. त्यांचं भांडण चालू राहू दे, असं कसं मागू? जीभ रेटेना. शेवटी चहा सोडला आणि म्हटलं, आई, दोघा भावांचं भलं कर. उदंड भलं कर. फक्त सावकाश कर. आता एकटीच्या चहानं किती थोपणार? तुम्ही इतके जण बसला आहात. तुम्हीही एकेक काहीतरी सोडा ना… भात नका सोडू, भात फार जड जातो. पण वांगं म्हणा, सुपारी म्हणा, जे झेपेल ते सोडा, आणि माझ्यासाठी देवीला तेवढं सांगा. समेट होऊ दे, पण उन्हाळ्यानंतर.