दुसऱ्या दिवशीची पाटी

(नागपूर, १९७४. धंतोलीत मानसशास्त्राचे प्राध्यापक कृष्णकांत देशकर यांचं घर. समोर त्यांचा विद्यार्थी मुकुंद रामटेके, मांडीवर कागदांचा गठ्ठा.)

कृष्णकांत : म्हणजे, ‘बौद्ध कुटुंबाला खोली द्याल का?’ याला सगळ्या घरांनी ‘हो’ लिहिलं?

मुकुंद : तेवीसच्या तेवीस. एका काकूंनी तर ‘का नाही?’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

कृष्णकांत : आणि महिन्याभराने तू भाडेकरू म्हणून गेलास, तेव्हा?

मुकुंद : बावीस घरं झाली. रामटेके म्हटलं का खोली कालच गेलेली. कोणाची सासू सोवळ्यातली, कोणाचा भाचा येऊन राहिला. तुम्ही सांगितलं तसं दुसऱ्या दिवशी पाटी पाहाले गेलो. तिघांनी काढली होती. एकोणीस फाटकांवर ‘खोली भाड्याने देणे आहे’ तशीच टांगून.

कृष्णकांत : एकोणीस! मुकुंदा, तुझा प्रबंध गाजणार बघ.

मुकुंद : सर, मी नाटक नव्हतो करत.

कृष्णकांत : म्हणजे रे?

मुकुंद : मले खरंच खोली पाहिजे. बायकोले, चारुशीलेले, आठवा लागला. तिकडे वाडी नाक्यावर, ट्रकवाल्यांच्या वस्तीत, आमच्या गल्लीत ट्रक आडवे, रिक्षा आत येत नाही. मागच्या वेळी इथं दवाखान्यात पोचेपर्यंत मूल गेलं.

कृष्णकांत : अरे देवा! आधी काहीच बोलला नाहीस?

मुकुंद : आता बोलून राहिलो ना. तेविसावं घर हे आहे. पहिला कागद तुम्हीच भरला होता.

कृष्णकांत : तो... तो नमुना म्हणून भरला होता.

मुकुंद : ‘हो’च लिहिलं होतं, सर. वरची खोली रिकामी आहे, फाटकावर पाटीही आहे.

कृष्णकांत : माझं काही नाही रे. मी तुझ्या ताटात जेवीन. पण आई... तिचं वय झालंय. दिवाळी होऊ दे, मी बोलतो तिच्याशी.

मुकुंद : दसऱ्याच्या आत दिवस भरतात तिचे.

कृष्णकांत : मलाच लाज वाटतेय, मुकुंद. समजून घे.

मुकुंद : समजलं. लिहून घेऊ? ‘आईचं वय. दिवाळीनंतर.’

कृष्णकांत : हे घर नको धरूस. बावीसच ठेव.

मुकुंद : बरं, सर. येतो मी. फक्त एक सांगा. उद्या पाटी पाहाले येऊ का?