दादाची डिझेल गाडी

माझा धडधाकट दादा झोपेत कसा गेला? भेटेल त्याला विचारत राहिलो. मग मी जपानला, इचिकावात वहिनीकडे आलो, तर त्याची डिझेल गाडीही सुरू होईना.

“भंगारात देते,” वहिनी म्हणाली. “गॅरेजवाले म्हणतात, तीन सेन्सर गेलेत.”

“तिन्ही असे एकदम मरत नाहीत, वहिनी.” बोलून गेलो आणि जीभ चावली.

तिने चावी माझ्यापुढे धरली. “बघ तू.”

शाळा सोडून मी गावात ट्रकच्या गॅरेजातच वाढलो. तिन्ही सेन्सरची अर्थिंगची वायर एकच असणार, एवढं मला कळत होतं. शोधली, तर तिच्या टोकाला गंज. घासून घट्ट आवळली, चावी फिरवली आणि इंजिन धडधडलं.

मागच्या सीटवरची पुतणी जपानीत काहीतरी बोलली.

“काय म्हणते?”

“विचारतेय, आता आई चालवणार का.”

“मग चालवा की. लायसन्स आहे ना?”

“आहे. तुझ्या दादाने कधी हात लावू दिला तर ना.” बोलता बोलता तिला हसू आलं, आणि मलाही.

परत निघायच्या सकाळी मी खाली पार्किंगमध्ये गेलो. दादाच्या लांब पायांसाठी मागे सारलेली सीट पुढे ओढली, वहिनीचे पाय पोचतील इतकी.